चौदा मुठी मीठ

टण्ण.

साबणाची वडी दगडावर पडली तर असा आवाज यायला नको. साबण पडला की थप् वाजतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा साबण पितळेच्या घंटेसारखा वाजला. नाल्यावर पाणी पीत असलेल्या दोन बैलांनी माना वर करून पाहिलं, आपल्याला कोणी बोलावलं काय म्हणून. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ते बैल गेले, नालाही आटला, पण तो आवाज मला अजून ऐकू येतो.

हे लिहायचं कारण असं, की मागं एकदा आर्णीला लहान धंदेवाल्यांचा मेळावा भरला होता. पोरांनी मलाही खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "भीमसिंगकाका, नव्या लोकांना अनुभवाचे दोन शब्द सांगा." मी बोलायला हळू. लहानपणापासूनच हळू. (आमची याडी, म्हणजे आई, सांगायची की हा जन्मला मंगळवारी आणि रडला बुधवारी.) मी उभा राहिलो, घसा साफ केला, पहिला शब्द जुळवला, तोवर आभार मानून झाले होते आणि लोक चहाकडं गेले होते. ते दोन शब्द माझ्यापाशी तसेच राहिले. ते इथं लिहितो. लिहिताना बरं असतं, कोणी मधून उठून गेलं तरी आपल्याला दिसत नाही.

साल अठ्ठावन्न असेल. आमचा तांडा बोरी अरबपासून दोन कोसांवर. आम्ही लमाण. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढं आगगाडी आली, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या आणि आम्ही वावरं धरली. अशा या तांड्यात एके दिवशी ब्लॉकची, म्हणजे सरकारी विकास कचेरीची, जीप आली आणि तिच्यातून नीळकंठराव नावाचे उद्योगाचे साहेब उतरले. पांढरा कोट, खिशात तीन पेनं, आणि प्रत्येक माणसाच्या पोटात एक कारखानदार झोपलेला असतो, त्याला फक्त हाक मारायची खोटी, अशी त्यांची पक्की समजूत.

"मोहाची झाडं तुमच्या दारात आहेत," साहेब म्हणाले. "बियांचं तेल निघतं. तेलाचा साबण होतो. कढई आम्ही देऊ, साचे देऊ, सोडा देऊ. फक्त पुढं येणारा एक माणूस हवा. कोण येतो?"

फकिराच्या पाठीत तेव्हाच उसण भरली. डोंगरसिंग म्हणाला, "साहेब, मी साबण लावतच नाही, मले त्यातलं काय समजते?" एकाच्या घरी बाळंतपण निघालं. (ते झालं चार महिन्यांनी.) मलाही नाहीच म्हणायचं होतं. 'साहेब, मले हे काम जमणार नाही,' असं पूर्ण वाक्य मी मनात तयार केलं होतं. ते बाहेर काढायला लागलो. "साहेब... मले..." इथवर आलो होतो, तेवढ्यात साहेबांनी टाळी वाजवली.

"शाब्बास. असा माणूस पाहिजे. नाव काय तुमचं?"

नाव मात्र मी लवकर सांगितलं. का, ते मला आजही कळलेलं नाही.

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. माझी बायको बसंती भाकरी थापत होती.

"तुमी साबण करणार म्हणे."

"मी नाहीच म्हणून राह्यलो होतो."

"मंग?"

"साहेब घाईचा निघाला."

तिनं भाकरी उलटवली आणि म्हणाली, "बरं झालं. तुमाले कोनी घाई केल्याबिगर तुमी आजवर काही केलंच नाही. लग्नबी माह्या बापानंच घाई केली म्हणून झालं."

साहेबांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. पहिली, माप चुकवायचं नाही. तेल इतकं, सोडा इतका, आणि उकळी आली की मीठ अर्धा शेर, तराजूत तोलून. दुसरी, आपल्या मालाचं पहिलं गिऱ्हाईक आपलं घर. आपण आधी वापरायचं, मग दुसऱ्याच्या हाती द्यायचं. दोन्ही गोष्टी सोन्यासारख्या आहेत. आजही कोणी धंदा काढणारा भेटला तर मी ह्याच दोन सांगतो. मात्र मी त्या कशा पाळल्या तेही सांगतो, नाहीतर सल्ला अर्धवट राहतो.

कढई चुलीवर चढली तेव्हा अख्खा तांडा जमला. उकळी आली. मी तराजू उचलला आणि मिठाच्या पोत्याकडं वळलो. तेवढ्यात आमचे नायक हिरासिंग यांनी काठी आडवी केली. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. त्यांच्या हाताशिवाय तांड्यात लग्न लागत नाही की पेरणी सुरू होत नाही.

"हे काय करून राह्यला?"

"मीठ तोलून राह्यलो, नायक. साहेबानं अर्धा शेर सांगतलं."

नायक हसले. मग सगळे हसले. "लमाणाले मीठ तोलाले शिकवते तो साहेब? आपल्या सात पिढ्यायनं मीठ वाह्यलं. माहा आजा नुसती गोणी हातानं दाबून सांगे का मीठ कोन्या गावचं हाये. ठेव तो तराजू."

आणि त्यांनी मूठ भरून मीठ कढईत टाकलं. नायकाची मूठ, मानाची. त्यात वाईट काही नव्हतं. एका मुठीनं साबण बिघडत नाही. पण नायकानं टाकल्यावर कारभाऱ्याला मागं ठेवता येत नाही. त्याचा मान दुसरा. कारभाऱ्यानं टाकल्यावर डोंगरसिंगचं तोंड उतरलं, कारण त्याचा बाप आधीचा कारभारी. मग फकिरा म्हणाला, "आमचं घर का तांड्यात नाही?" त्याची उसण त्या दिवशी एकदम बरी होती. 'एक मिनिट थांबा' असं म्हणायला मी तोंड उघडलं. 'थांबा' पर्यंत पोचलो तेव्हा चौदावी मूठ पडत होती.

आता कान इकडं करा. धंदा करणाऱ्यानं हे एक वाक्य दारावर लिहून ठेवावं: मापाला काका-मामा नसतो. मान द्यायचा असेल तर खाट टाका, पाणी द्या, पानसुपारी द्या. कढईत मान टाकू नका.

साबण साच्यात ओतला. चार दिवसांनी वड्या निघाल्या, चाळीस. रंगानं मातकट, दिसायला चांगल्या. मला त्या फार आवडल्या. आपल्या हातानं केलेली पहिली वस्तू वाकडी असली तरी डोळ्यांना सरळ दिसते. मी एक वडी बसंतीपुढं धरली. तिनं ती नखानं दाबून पाहिली. नखच वाकलं.

"वाळू द्या अजून," ती म्हणाली. तिला घाई होती. ती चार दिवस माहेरी चालली होती, ढाणकीकडच्या तांड्यात. तिच्या भावाच्या, फुलचंदच्या, मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. तिकडं दळण-कांडण करायचं, परत यायचं आणि मग आम्ही दोघांनी मिळून लग्नाला जायचं, असं ठरलं होतं. निघताना तिनं पेटी उघडून आपला फेटिया दाखवला.

फेटिया म्हणजे आमच्या बायांचा आरशांचा घागरा. हा तिच्या लग्नातला होता. तिची याडी रुक्माबाई हिनं दोन पावसाळे बसून शिवलेला. आठ शेर वजन, आणि आरसे इतके की उन्हात धरला तर समोरच्या भिंतीवर चांदण्या हलायच्या. रुक्माबाई वारली त्याला तीन वर्षं झाली होती. बसंतीनं तेव्हापासून तो अंगावर घातला नव्हता. "हिच्या लग्नात घालजो," असं आई मरताना नातीकडं बोट करून बोलली होती. ती नात हीच, फुलचंदची.

"दोन दिवस उन्हात घालजा," बसंती म्हणाली. "बाकी हात लावजा नोका."

"नाही लावत," मी म्हणालो. (हे पण मी लवकर म्हणालो.)

आता माझी बाजू ऐका. त्या फेटियाच्या काठावर हळदीचा एक डाग होता. आमच्या लग्नात हळदीचा हात मीच पुसला होता तिथं, घाबरून. फुलचंद प्रत्येक सणाला त्या डागावरून मला टोमणा मारायचा. मी फेटिया उन्हात घातला, डाग पाहिला, ओसरीवर रचलेल्या चाळीस वड्या पाहिल्या आणि मला साहेबांचं बोलणं आठवलं: पहिलं गिऱ्हाईक आपलं घर. म्हटलं, ती परत येईल, डाग दिसणार नाही, काय तिला आनंद होईल. धंद्याचाही मुहूर्त होईल. दोन्ही कामं एका वडीत.

मी फेटिया नाल्यावर नेला. भिजल्यावर तो आठ शेराचा एक मण झाला. वडी काढली, ती हातातून निसटली आणि दगडावर पडली. तो आवाज मी सांगितलाच. शहाणा माणूस तिथंच घरी परत गेला असता. मी वडी उचलून तिला कान लावून पाहिला. मग घासू लागलो. फेस येईना. म्हटलं, नवा साबण आहे, बुजत असेल. जोर लावला. आणखी जोर लावला. घासता घासता काहीतरी बारीक टिकटिक पाण्यात पडत होतं. मला वाटलं, मळ निघतोय.

मळ नव्हता तो. आरसे होते.

जे पडले नाहीत त्यांचं जास्त वाईट झालं. सोड्यानं त्यांची मागची कलई खाऊन टाकली. मी एका आरशात तोंड पाहायला गेलो तर पलीकडचं कापड दिसलं. आरसे राहिले नाहीत, खिडक्या झाल्या. आणि हळदीचा डाग? तो गेला नाही. पिवळा होता, लालभडक झाला.

मी बराच वेळ दगडावर बसून राहिलो. त्या बाईनं दोन पावसाळे घेतले होते. मला अर्धा तासही लागला नव्हता. जन्मात एवढं एकच काम मी झपाट्यानं केलं.

घरी आलो. दाढीचा आरसा होता, तो फोडला. त्याचे तुकडे करून सुईदोरा घेऊन ओसरीवर बसलो. सहावा तुकडा बोटात गेला तेव्हा शेजारची जमनी पाणी घेऊन चालली होती. ती थांबली.

"भाऊ, काय शिवून राह्यले?"

मी खोटं शोधू लागलो. चांगलं खोटं सुचायला मला साधारण दोन दिवस लागतात. जमनीनं तेवढी वाट पाहिली नाही. घागर उतरवून जवळ आली, फेटिया पाहिला, डाग पाहिला, मग माझं रक्त निघालेलं बोट पाहिलं.

"बापा," ती म्हणाली, "हे बसंतीच्या याडीचं."

"हो."

"तिले ठाऊक हाये?"

"नाही."

"मंग तुमी असं करा भाऊ, दाढी वाढवून संन्यासी होऊन जा. आरसाबी फोडलाच हाये."

बसंती परत आली त्याच दिवशी नीळकंठराव साहेबही आले, साबण पाहायला. देवाला काही लोकांची संकटं एकत्र बांधून द्यायची सवय असते. सगळा तांडा ओसरीपुढं. साहेबांनी बादलीत हात बुडवले, वडी घेतली आणि चोळू लागले. चोळत राहिले. त्यांचे तळहात लाल झाले.

"फेस?" साहेब म्हणाले.

मी उत्तर जुळवत होतो. नायक पुढं झाले. "साहेब, फेस म्हणजे हवा. आमच्या साबणात हवा नाही, निस्ता माल हाये."

"आन झिजत नाही," फकिरा म्हणाला. "एक वडी घेतली का नातवंडाले पुरन."

साहेबांनी वडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घरी वापरला का? पहिलं गिऱ्हाईक कोण?"

तेवढ्यात बसंती डोक्यावर गाठोडं घेऊन मोटारीच्या वाटेनं आली. तिनं माणसं पाहिली नाहीत. तिला दोरीवरचा फेटिया दिसला. ती सरळ तिकडं गेली. काठ हातात घेतला, माझे दाढीच्या आरशाचे सहा तुकडे बोटानं चाचपले, एका आंधळ्या आरशातून पलीकडं पाहिलं. मी पलीकडंच उभा होतो.

"हे पाहा, घरधनीणच आल्या," साहेब म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं. "बाई, तुमच्या घरचा साबण कसा आहे? खरं सांगा. तुम्ही सांगाल तेच मी लिहून घेणार."

जमनीनं पदर तोंडात धरला. मला वाटलं, ही आता बोलणार, आणि बोलायचा तिला हक्क होता. ती बोलली असती तर कढई गेली असती, साचे गेले असते, आणि पुढची दहा वर्षं मी तांड्यात मान वर केली नसती. मी जमिनीकडं पाहत होतो.

"माणूस चांगला हाये, साहेब," बसंती म्हणाली. "साबण अजून शिकून राह्यला."

साहेबांनी पेन काढून कागदावर लिहिलं, 'काम प्रगतिपथावर.' जाताना ते एक वडी आपल्या घरी घेऊन गेले. रजनीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दाखवायला. 'नेऊ नका' असं मी म्हणालो, पण जीप तेव्हा नाल्यापलीकडं गेली होती.

मग बसंती फेटिया मांडीवर घेऊन ओसरीवर बसली. रडली. आवाज न करता रडली, ते जास्त लागतं. मी जवळ बसलो. काही बोलायला गेलो नाही. हळू बोलणाऱ्याला एवढं तरी कळतं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"मीठ किती टाकलं?"

"चौदा मुठी."

"कोनाकोनाच्या?"

मी नावं सांगितली. ती उठली, पितळेची थाळी घेतली आणि नायकाच्या घरी गेली. मागं जमनी होतीच. बसंती ओरडली नाही. थाळी पुढं धरून एवढंच म्हणाली, "ज्यानं मूठभर मीठ टाकलं त्याच्या घरून मूठभर आरसे पाह्यजेत."

नायक खाटेवरून म्हणाले, "मी मीठ इज्जतीनं टाकलं होतं."

त्यांची बायको नंदाबाई आतून म्हणाली, "मंग आरसेबी इज्जतीनंच देऊ." आणि आपली जुनी आरशांची ओढणी आणून त्यांच्यासमोर उसवायला बसली.

चौदा घरं झाली. जमनीच्या नवऱ्यानं मीठ टाकलंच नव्हतं, तरी तिनं दोन मुठी आरसे आणले. म्हणाली, "तो दुसऱ्या गावी गेलता म्हणून वाचला. घरी असता तर टाकल्याबिगर राह्यला नसता." पुढचे सहा दिवस आमच्या ओसरीवर तांड्याच्या बाया बसल्या. जुने आंधळे आरसे निघाले, नवे बसले. सुईत दोरा ओवायचं काम मला दिलं होतं. ते काम हळू करायचं असतं, म्हणून मला जमलं. लाल डागावर बसंतीनं सगळ्यात मोठा आरसा बसवला.

लग्नात ती तो फेटिया घालून उभी राहिली तेव्हा मांडवाच्या कनातीवर पुन्हा चांदण्या हलल्या. फुलचंदनं काठ शोधून पाहिला, डाग सापडला नाही, बिचारा दिवसभर हिरमुसला. आणि बाया? त्या नवरी सोडून बसंतीभोवती. हे कोणी शिवलं, माझा शिवून देशील का, माझ्या सासूचा दुरुस्त होईल का. बसंती हो म्हणाली. लगेच म्हणाली. तिला बोलायला वेळ लागत नाही.

लग्नाहून परत आलो ते तीन फेटिये घेऊन. पुढं उमरखेडकडून आले, आर्णीकडून आले. जमनी आणि नंदाबाईही हाताशी आल्या. पहिलं गिऱ्हाईक आपलं घर म्हणतात ते खोटं नाही. फक्त घराला आधी विचारायचं असतं. आणि धंदा कधी कधी आपण दारात वाट पाहतो तिथून येत नाही, मागच्या भिंतीवरून उडी मारून येतो. तेव्हा पहिला माल फसला म्हणून नव्या पोरांनी कढई पालथी घालू नये. माझ्याइतका कोणाचा फसत नाही.

नीळकंठराव साहेब पुढच्या वर्षी पुन्हा आले. बायांचं काम पाहून खूश झाले, नोंद करून घेतली. साबणाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. (त्यांचा पांढरा कोट मात्र त्या दिवशी अंगावर नव्हता.) जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भीमसिंग, धीर सोडू नका. तुमच्यातही उद्योग आहे."

त्या शब्दांनी मला फार हुरूप आला. तीन दिवस मी विचार केला. चौथ्या दिवशी दुपारी बसंती ओट्यावर शिवत बसली होती. लोकांचे सात फेटिये तिच्याभोवती पसरले होते. मी समोर जाऊन बसलो. वाक्य पूर्ण तयार करूनच गेलो होतो.

"आयकतं का," मी म्हणालो. "लोकायचे फेटिये येतात ते मळलेले असतात. शिवायच्या आधी आपणच धुऊन दिले तर गिऱ्हाईक खूश होईन."

तिची सुई थांबली.

"कढई हायेच आपल्यापाशी," मी म्हणालो. "मीठ या खेपेला मीच तोलीन. कोनाले हात लावू देत नाही."

बसंतीनं माझ्याकडं पाहिलं. दोरा दातानं तोडला. उठली. सातही फेटिये एकावर एक खांद्यावर घेतले. दोरीवर वाळत असलेले तिचे स्वतःचे कपडे काढले, माझं धोतर तेवढं दोरीवरच राहू दिलं, आणि जमनीच्या घराकडं चालू लागली.